ठोसा मारून बघणं

बाबा ठोसा मारायचे आणि थांबायचे. पडद्यावरचा त्यांचा पैलवान समोरच्याच्या छातीत दणका हाणायचा आणि त्याच क्षणी बाबा उजवा हात रिमोटवरून उचलून, मान पुढे काढून टीव्हीकडे बघायचे. लागला का, कुठे लागला, कितपत लागला. तोवर खेळातली माझी शिडशिडीत पोरगी त्यांच्या पैलवानाला लाथा घालून मोकळी झालेली असायची.

"बाबा, बघत बसू नका. मारत राहा."

"मारलेलं बघायला नको?"

"नको."

"न बघता कोण काम करतं?" ते म्हणायचे, आणि पुढचा ठोसा मारून पुन्हा बघायचे.

मी चिडायचे. चिडणं हा माझा जुना छंद आहे. पण त्यांना हे असंच येणार हे मलाही कळत होतं, कारण त्यांचं सगळं आयुष्य याच रीतीने गेलं होतं. तारापूरच्या किनाऱ्याने दांडीकडे निघालं की जी वाड्यांची गावं लागतात, त्यातलं एक आमचं. तिथे घरोघरी डाय घासतात. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. डाय म्हणजे धातूची छोटी चकती. तिच्या मधोमध हिऱ्याचा कण बसवलेला, आणि त्या कणाला आरपार भोक. या भोकातून तार ओढली की तार बारीक होते. भोक जितकं गोल आणि गुळगुळीत, तितकी तार चांगली. हिऱ्याची पूड तेलात कालवायची, सुईच्या टोकाला लावायची, मोटरवर फिरणाऱ्या डायमध्ये ती सुई धरायची. जरा घासायचं, हात उचलायचा, डाय काढून मायक्रोस्कोपखाली बघायची. पुन्हा जरा घासायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा बघायचं. भोक एकदा मोठं झालं की लहान होत नाही. म्हणून घासण्यापेक्षा थांबण्याला किंमत जास्त. बाबा हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते. सुरुवातीचं जाड काम आई करायची, शेवटचा हात बाबांचा. घराच्या मागच्या पडवीत दोघं पाठीला पाठ लावून बसायचे आणि दिवसभर मोटरचा बारीक आवाज चालू असायचा. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही, इतका सवयीचा.

त्या वर्षी होळीनंतर बाबांना लकव्याचा हलका झटका आला. हलका असं डॉक्टर म्हणाले. चेहरा सरळ झाला, जीभ वळायला लागली, पाय जरा ओढत का होईना, चालायला लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. हात उचलायचा, पण बोटं सांगितलेलं ऐकायची नाहीत, ऐकली तरी उशिरा ऐकायची. पडवीतली मोटर बंद झाली. आईने बाबांच्या टेबलावर जुनी चादर घातली.

काम देणारा शेठ चिंचणीचा, पडवीतली यंत्रंही त्याचीच. तो घरी येऊन बसला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, गणपतीपर्यंत मी कुणाला सांगत नाय. तुमचा माल तुमच्यासाठीच ठेवतो. मंग मात्र माझाही इलाज नाय." बोलणं वाईट नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात गणपतीला एकच अर्थ उरला. तोवर हात परत आला तर टेबल राहणार, नाही तर जाणार.

बोईसरच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता आणि वाटीतले मूग एक एक करून उचलायला सांगितले होते. बाबांनी चेंडू अंगणातल्या कुत्र्याला दिला आणि मूग आईला आमटीसाठी परत केले. "मी काय बालवाडीत हाय?" असं त्यांचं म्हणणं. आई रडली, मी ओरडले. दोन्हीचा उपयोग झाला नाही.

मग मी खेळ लावला.

तो खेळ माझ्याकडे कसा आला तेही सांगते. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये पहिल्या पाळीला जाते. तिथला सालवडला राहणारा एक ऑपरेटर कायमचा गावी परत निघाला होता. सामान कमी करताना त्याने टीव्हीला जोडायचं ते यंत्र आणि दोन रिमोट माझ्या टेबलावर आणून ठेवले. "दीदी, आप ही ले जाओ, बाकी लोग तोड़ देंगे," म्हणाला. त्याला माहीत होतं की मी खेळते. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर मारामारीचे सामने बघत बसायचे, आणि लॅबमधल्या बायका माझ्याकडे काळजीने बघायच्या.

शिकले मी पालघरला, कॉलेजात असताना. स्टेशनजवळ एक गेम पार्लर होतं. तिथे मुली येत नसत. मी आणि मनोरहून बसने येणारी माझी मैत्रीण, आम्ही दोघीच. ती चांगली खेळायची. मी पहिले कित्येक दिवस नुसता मार खाल्ला. समोरचा मला कोपऱ्यात ढकलायचा आणि लाथाबुक्क्यांचा पाऊस पाडायचा, आणि मी घाबरून सगळी बटणं एकदम बडवायचे. जितकी बडवायचे तितका जास्त मार. एकदा मैत्रिणीने माझा हातच धरला. "तो मारतोय तेव्हा तू बटणांनी कशाला बडबडतेस? अडव आणि गप्प राहा. त्याची लाथ कुठे संपते ते बघ."

हा पहिला धडा. प्रत्येक लाथेनंतर पाय मागे घ्यायला लागतो. तो वेळ पापणी लवण्याएवढा असतो, पण असतो. कोपऱ्यातून सुटायचं ते तिथूनच, आधीही नाही, नंतरही नाही. कुठली लाथ परत यायला वेळ घेते हे समोरचा कोणता माणूस घेऊन खेळतोय त्यावर ठरतं, म्हणून स्वतःचा माणूस ओळखायचा आणि समोरच्याचाही. मी ती चपळ पोरगी निवडली आणि तिच्याशी एकनिष्ठ राहिले. तिला लोकांना कोपऱ्यात घेऊन छळायला आवडतं. माझा तिच्याशी लगेच सूर जुळला.

बाबांनी मिशा बघून पैलवान निवडला. मी म्हटलं, हा हळू आहे, दुसरा घ्या. ते म्हणाले, "मीपण हळूच हाय." वाद मिटला.

पैलवानाचं काम सोपं असतं आणि कठीण असतं. लांबून त्याचं काही चालत नाही. त्याने मार अडवत अडवत पाऊल पाऊल पुढे जायचं आणि जवळ पोचलं की समोरच्याला धरून आपटायचं. पहिल्या पाळीवरून मी घरी यायचे तेव्हा चार वाजत आलेले असायचे. चहा झाला की आम्ही ओटीवर बसायचो, दिवेलागणीला आई टीव्ही बंद करायची. बाबांचा उजवा हात बटणांवर नुसता ठेवलेला असायचा, पाहुण्यासारखा. डावा मात्र पूर्वीसारखाच शहाणा होता. आणि या खेळात चालणं आणि अडवणं डाव्या अंगठ्यात असतं, मारणं उजव्यात.

त्यामुळे झालं असं की बाबा अडवण्यात फार लवकर तयार झाले. माझी पोरगी त्यांना कोपऱ्यात घेऊन वर मारायची, खाली मारायची, आणि पैलवान तसाच उभा. बटणं बडवण्याचा मोह त्यांना होतच नव्हता, बडवायला हातच नव्हता. मला पालघरला जे शिकायला अर्धं वर्ष गेलं ते त्यांना आजारानेच शिकवून ठेवलं होतं. पण लाथ संपली, वेळ मिळाला, की त्यांचा ठोसा उशिरा यायचा. आला की ते हात उचलून बघायचे. मग पुन्हा मार.

"अगो, जरा हळू," आई आतून म्हणायची. "आजारी माणूस हाय तो."

अडवणाऱ्या माणसावर या खेळात एकच उपाय असतो. त्याला धरून आपटायचं. अडवणं मारापासून वाचवतं, धरण्यापासून नाही. मी ते टाळत होते, मग एके दिवशी कंटाळून केलं. माझ्या काडीएवढ्या पोरीने बाबांच्या पैलवानाला कमरेला धरलं आणि जमिनीवर आपटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई वाल सोलता सोलता उठून दारात आली.

"बापाला आपटते? लाज नाय वाटत?"

"आई, ते सुटू शकतात."

"कसे?"

बाबांनीही तेच विचारलं. मी सांगितलं. कुणी धरलं की लगेच अंगठ्याचं एक बटण आणि तर्जनीचं एक बटण, दोन्ही एकाच वेळी दाबायची. दोन्ही उजव्या हाताची. जरा मागेपुढे झालं तर सुटका नाही. हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की अंगठा आणि तर्जनी म्हणजे सुई धरायची बोटं. बाबांच्याही लक्षात आलं असणार, कारण त्यांनी हात वर धरून ती दोन बोटं एकमेकांजवळ आणून बघितली.

"आपट," ते म्हणाले.

त्यानंतर मी सगळा पावसाळाभर माझ्या वडिलांना आपटलं. दुसरं काही नाही. मी धरायचे, ते दाबायचे, अंगठा आधी पोचायचा, तर्जनी मागाहून यायची, आणि पैलवान जमिनीवर. शेजारची मंडळी यायची, बघायची, उठून जायची. गावात काय बोललं गेलं असेल याची कल्पना आहे. आईला आधी बघवत नसे, मग तीच ओरडायला लागली, "आता दाबा! आता! गेला." मी दया म्हणून धरणं हळू करून बघितलं, तर बाबांना ते कळलं आणि त्यांनी रिमोट खाली ठेवला. पुन्हा तसं केलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी ते सुटले. मी धरलं, एक खाडकन आवाज झाला, आणि पैलवान आणि पोरगी दोघं एकमेकांपासून मागे फेकले गेले. बाबांनी सवयीने हात उचलून बघितलं. मी पुन्हा धरलं. पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा मी आपटलं, पण चौथ्यांदा पुन्हा सुटले. मला इतका आनंद झाला की पाचव्यांदा धरायचं राहूनच गेलं. आईने हात पुसले आणि कुणाला काही न सांगता पडवीत जाऊन टेबलावरची चादर काढली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा पडवीत मोटर चालू होती. तो आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. बाबा एक टाकाऊ डाय लावून बसले होते. जरा घासत होते, उचलत होते, बघत होते. रीत सगळी तीच. त्यांच्या पाठीकडे बघून काही झालंच नव्हतं असं वाटत होतं. मी चहा करून घेतला, त्यांना दिला, बाजूला बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मोटर बंद केली आणि मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवला.

मी लॅबमध्ये काम करते. गोल आणि लंबगोल यातला फरक मला कळतो. त्या डायचं भोक एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं.

"अजून महिना हाय," मी म्हटलं. "सुटायलाही वेळ लागलाच ना? रोज बसा."

"बाय, बोटं वेळेवर येतात आता," ते म्हणाले. "दाबही येतो. हलकं नाय होत."

"होईल."

"तुझं ते बटण दाबलं की दाबलं. किती दाबलं ते विचारत नाय. हिरा विचारतो."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. तक्रार नव्हती, रडणं तर नव्हतंच. मला मात्र राग आला, खेळाचा, हिऱ्याचा, आणि थोडा त्यांचाही, की इतक्या लवकर कसं मान्य करतात. पण ते दुसऱ्या दिवशीही बसले, त्याच्या पुढच्या दिवशीही. रोज एक टाकाऊ डाय, रोज तेच लंबगोल भोक. गणपती येईपर्यंत ते बसत राहिले.

गौरीगणपती गेल्यावर शेठ आला. त्याला पडवीतली चादर काढलेली दिसली, बाबांचा हातही दिसला. बाबांनी आपण होऊन शेवटची डाय त्याच्या हातावर ठेवली. शेठने खिशातलं भिंग काढून बघितली आणि मग तो बोलायला लागला. तो आजवर थांबला, माल अडून राहिला, पलीकडच्या गावातले दोघं तयार आहेत. मशीन नुसतं पडून गंजण्यापेक्षा तो घेऊन जाईल, कुणाच्या तरी कामाला येईल. काकांनी आता आराम करावा, पोरगी कमावती आहे. एकामागून एक, मध्ये श्वास नाही. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान जराशी हलवली. अडव आणि गप्प राहा, असं ती मान म्हणत होती. मी तोंड मिटलं.

बाबा ऐकत राहिले. हो नाही, नाही नाही. शेठ बोलत राहिला आणि शेवटी बोलण्यासारखं संपलं तेव्हा त्याने बशीतला गार झालेला चहा तोंडाला लावला.

"घासणार ही," बाबा म्हणाले आणि आईकडे बोट केलं. "बघणार मी. शेवटचा हातपण तिचाच. नजरेला काय नाय झालं माझ्या."

शेठचा चहा तोंडातच राहिला. आईच्या हातातला वालाचा दाणाही हातातच राहिला.

"मला कोणी विचारलं?" आई म्हणाली.

"आता विचारतो."

आईने दाणा वाटीत टाकला. इतकी वर्षं जाड काम करून बारीक काम दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या बाईच्या मनात काय असतं ते मी कधी विचारलं नव्हतं. तिने शेठला सांगितलं, "उद्या नाय. आज सोललेले वाल उद्या संपवायचे हायेत. परवापासून द्या."

शेठने थोडा माल देऊन बघायचं कबूल केलं. ते थोडं अजून चालू आहे. आता पडवीत आई मोटरवर बसते आणि बाबा मायक्रोस्कोपला. आईचा हात हलका आहे, पण तिला थांबवत नाही. जाड कामात तिला कधी थांबावं लागलंच नव्हतं. म्हणून बाबा शेजारून म्हणतात, "उचल." ती उचलते. ते बघतात. "अजून जरा." ती घासते. "उचल." दिवसभर हे चालतं. दुपारपर्यंत आई वैतागलेली असते आणि बाबांचा घसा बसलेला असतो.

संध्याकाळचा खेळ सुटला नाही. मागच्या महिन्यात एकदा मी त्यांना नेहमीसारखं कोपऱ्यात घेतलं होतं. लाथ, लाथ, वरची, खालची. पैलवान अडवून उभा. मी धरलं, ते सुटले. मी चिडून मोठी लाथ घातली, जी परत यायला वेळ घेते, आणि पैलवानाचा ठोसा माझ्या पोरीच्या छातीत बसला. मी सवयीने निवांत झाले, आता ते बघणार म्हणून. त्यांनी बघितलं नाही. दुसरा ठोसा आला, तिसरा आला, मग पैलवानाने तिला उचललं आणि आपटलं. सामना संपला. माझ्याविरुद्ध ते पहिल्यांदाच जिंकले. आतून आई टाळ्या वाजवत आली.

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. उजवा हात रिमोटवर होता, बटणांवर, जिथे होता तिथेच. तो उचललाच गेला नव्हता. मी वर्षभर "बघत बसू नका" म्हणून त्यांच्या मागे लागले होते आणि आता ते बघत नव्हते.

"हात उचलला नाय तुमी," मी म्हटलं.

बाबांनी हाताकडे पाहिलं, जणू त्यांनाही आत्ताच कळलं.

"बघायचं काम दिवसा होऊन जातं आता," ते म्हणाले.

टेबल राहिलं, काम राहिलं, मोटर चालू आहे. तरी त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. इतके दिवस तो हात दर ठोशानंतर उठत होता, तोवर तो डाय घासणाऱ्याचा हात होता. मी रिमोट उचलला आणि पुन्हा खेळ लावला. सुरुवातीलाच बाबांनी मला ठोसा मारला, आणि मी त्यांना परत न मारता जरा थांबले, ते बघतात का म्हणून.